सही कुणाची, मागणी कुणाची

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात मी ओझरतं लिहिलं होतं, की पीएचडी करत असताना मी संशोधक विद्यार्थ्यांच्या संघटनेत तीन वर्षं होते, त्यातली दोन सचिव म्हणून. तेव्हापासून येणारी निम्मी पत्रं त्याच विषयावर आहेत, म्हणून हे सदर या वेळी पूर्ण त्यांनाच दिलं आहे. पत्रांतली नावं आणि विद्यापीठं काढली आहेत. संशोधनाचे विषयही काढले आहेत, कारण एका विभागात एका विषयावर सहसा एकच जण काम करत असतो. विषय छापला की नाव छापल्यासारखंच होतं.

प्रश्न : ताई, विभागातल्या संशोधक विद्यार्थ्यांनी मला प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं आहे. पाच महिने फेलोशिप आलेली नाही. मी अर्ज लिहिला. वाचून सगळे म्हणाले, छान लिहिलंय. सही करायची वेळ आली तेव्हा 27 जणांपैकी चौघांनीच केली. बाकीचे म्हणतात, गाइडना कळलं तर? मला त्यांचा राग येतो. असल्या लोकांसाठी मी का भांडू?

तुमचा राग मला समजतो, पण त्या 23 जणांचं काही चुकलेलं नाही. पदवीच्या विद्यार्थ्याचं एका शिक्षकाशी वाजलं तर त्याला बाकीचे पाच शिक्षक असतात. संशोधक विद्यार्थ्याला एकच माणूस असतो. विषयाला मंजुरी, प्रयोगशाळेची किल्ली, सहामाही प्रगती अहवालावरचा शेरा, फेलोशिपच्या हजेरीवरची सही, प्रबंध सादर करायची परवानगी आणि पुढची कित्येक वर्षं लागणारी शिफारसपत्रं, सगळं त्या एकाच हातून येतं. त्या माणसाच्या विरोधात सोडाच, नुसतं त्याच्या कानावर जाईल अशा कागदावर सही करतानाही पेन थबकतं.

मला हे उशिरा कळलं आणि त्याची झळ दुसऱ्यांना बसली. सचिव झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी असाच अर्ज घेऊन विभागाविभागांतून फिरले. 61 सह्या जमवल्या. फार अभिमान वाटला होता. अर्ज अधिष्ठात्यांकडे (डीनकडे) दिला आणि तिसऱ्या दिवशी सह्यांच्या पानाची झेरॉक्स सगळीकडे फिरत होती. एका मुलीला तिच्या गाइडनी भर लॅबमध्ये विचारलं, "आपल्याकडे काय कमी पडलं तुला?" दोघांनी माघार घेत असल्याचं लिहून दिलं. फेलोशिप काही आली नाही. त्या मुलीनं माझ्याशी बोलणं टाकलं नाही, पण संघटनेच्या बैठकीला ती परत कधी आली नाही. ते मला अजून सलतं.

आमचा अध्यक्ष वयानं मोठा होता, नोकरी सोडून संशोधनाला आलेला. तो मला म्हणाला, "सह्या गोळा करून आपण विद्यार्थ्यांना पुढे केलं. पुढे आपण असायला हवं होतं." मग आम्ही एक साधी वही घातली. महिना, रक्कम जमा व्हायची तारीख, प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख, मधले दिवस, किती जणांचं अडलं, आणि कागद शेवटचा कुठल्या टेबलावर दिसला. एवढेच रकाने. नाव कुणाचंच नाही. प्रत्येक विभागाच्या प्रतिनिधीनं महिन्याच्या शेवटी आकडे भरायचे.

तीन महिन्यांत त्या वहीतून जे दिसलं ते 61 सह्यांतून दिसलं नव्हतं. आम्ही समजत होतो की पैसे वरूनच येत नाहीत. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त विलंब आमच्याच इमारतीत होत होता. दर महिन्याचा हजेरीचा दाखला विद्यार्थी भरतो, गाइड सही करतात, विभागप्रमुख सही करतात, मग तो लेखा विभागात जातो. लेखा विभाग एका विभागाचे सगळे दाखले एकत्रच पुढे पाठवत असे. म्हणजे एका गाइड परिषदेला गेल्या की त्यांच्या एका विद्यार्थ्यामुळे बाकीच्या दहा जणांचे दाखले तिथेच पडून. हे कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं, कारण प्रत्येक जण फक्त आपल्या दाखल्याची चौकशी करून येत होता.

मग आमची मागणी पार बदलली. "फेलोशिप वेळेवर द्या" या वाक्याला कुणीही "हो, प्रयत्न करू" म्हणतं आणि काही करत नाही. आम्ही लिहिलं : आलेले दाखले न थांबवता पुढे पाठवावेत, आणि गाइड सात दिवसांहून जास्त बाहेर असतील तर विभागप्रमुखांची सही पुरेशी मानावी. एक पान. खाली अध्यक्ष आणि सचिव, संघटनेच्या वतीनं, बस्स. हे पान आम्ही अधिष्ठात्यांकडे नेलंच नाही, लेखाधिकाऱ्यांकडे नेलं. त्यांनी वही उलटून पाहिली आणि म्हणाले, हे मला आधी का नाही दाखवलं? रोज शिव्या तेच खात होते. परिपत्रक निघायला 11 आठवडे लागले. आम्ही दर सोमवारी जाऊन विचारत होतो.

तेव्हा तुमचा अर्ज सध्या बाजूला ठेवा आणि त्या 27 जणांकडून सही मागू नका, तारखा मागा. तारीख सांगायला कुणी घाबरत नाही. आणि "कुठल्याही पानावर कुणाचंही नाव जाणार नाही" हे त्यांना आधी सांगा, मग ते कसोशीनं पाळा.

आणखी एक. तुमच्या पत्रात शेवटी आहे की फेलोशिपची रक्कमच मुळात अपुरी आहे. ती लढाई वेगळी, तिचं दार वेगळं. विद्यापीठाचा लेखाधिकारी रक्कम वाढवू शकत नाही. त्याच्याकडे ती मागणी नेली की तो तुमच्या दोन्ही मागण्या बाजूला ठेवतो. रक्कम जिथं ठरते तिथं अनेक विद्यापीठांच्या संघटनांनी मिळूनच जावं लागतं. कॅनडात पदव्युत्तर विद्यार्थ्यांची केंद्रीय शिष्यवृत्ती 2003 पासून वर्षाला 17,500 डॉलरवर अडकलेली होती. विद्यार्थी आणि शास्त्रज्ञांनी मिळून मोहीम उघडली, खासदारांना पत्रं लिहिली, 1 मे 2023 रोजी देशभरातले संशोधक काम थांबवून बाहेर आले, आणि 2024 च्या अर्थसंकल्पात ती रक्कम 27,000 झाली, पीएचडीची 40,000. त्या मोहिमेतला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांचा मुख्य मुद्दा अगदी साधा होता : इतकी वर्षं हा आकडा हललेला नाही. वर्ष आणि आकडा, दोन्ही सरकारच्याच कागदावरचे. ते नाकारायचे कसे?

भारतात जेआरएफची, म्हणजे संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मिळणाऱ्या फेलोशिपची, महिन्याची मूळ रक्कम 2014 मध्ये 25,000 रुपये झाली, 2019 च्या जानेवारीपासून 31,000, आणि 2023 च्या जानेवारीपासून 37,000. मधल्या काळात निवेदनं, धरणी, निदर्शनं. प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात. माझं आग्रहाचं मत आहे की संघटनांनी नुसता आकडा मागू नये, आकडा किती वर्षांनी आणि कशाच्या आधारे बदलेल तो नियम मागावा. आकडा मिळाला की पुढच्या बॅचला पुन्हा तेच करावं लागतं, आणि आजची बॅच तोवर पांगलेली असते.

प्रश्न : माझं चौथं वर्ष चालू आहे. आठ महिने गाइडनी माझी दोन प्रकरणं वाचलेली नाहीत. त्यांच्याकडे तपासायला आलेल्या उत्तरपत्रिका मी तपासते. माझ्या कामावरच्या लेखात माझं नाव तिसरं आहे. गाइड बदलावं तर माझे पैसे त्यांच्याच प्रकल्पातून येतात. संघटनेकडे जाऊ का? त्यांनी गाजावाजा केला तर माझं सगळंच जाईल.

जा. पण पहिल्याच भेटीत एक वचन लेखी घ्या, की तुमच्या संमतीशिवाय तुमच्याबद्दल एक शब्दही कुणाकडे जाणार नाही. जी संघटना हे लिहून द्यायला कां-कूं करते तिच्याकडे काही सांगू नका. आमच्याकडे वैयक्तिक तक्रारीची फाइल दोघांनाच उघडता येत असे, आणि त्या दोघांपैकी एकही जण तक्रारदाराच्या विभागातला नसे. हा नियम त्या 61 सह्यांच्या प्रकरणानंतरच केला.

तुम्ही चार गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत. त्या सुट्या करू, कारण त्यांची दारं वेगळी आहेत.

प्रकरणं न वाचणं. ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे. तक्रार निवारण समिती असो वा विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला बाहेरचा लोकपाल, प्रबंधाचा दर्जा काय आहे यावर ते सहसा निवाडा देत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठांबाहेरचं स्वतंत्र कार्यालय आहे, तेही विद्वत्तेच्या निर्णयात हात घालत नाही, प्रक्रिया नीट झाली का एवढंच पाहतं. म्हणून "माझं प्रकरण चांगलं असूनही त्यांनी दाद दिली नाही" असं लिहिलंत तर कागद परत येईल. "अमुक तारखेला प्रकरण पाठवलं, अमुक तारखांना आठवण केली, आजतागायत उत्तर नाही" असं लिहिलंत तर त्यावर बसणाऱ्याला काहीतरी करावंच लागतं. आजपासून तोंडी काही देऊ नका. प्रकरण ईमेलनं पाठवा, दोन ओळींत. त्यांनी तोंडी काही सांगितलं तर संध्याकाळी साधा, नम्र ईमेल : "सर, आज आपण सांगितल्याप्रमाणे..." त्याच्या प्रती विद्यापीठाच्या खात्याबाहेर ठेवा. ते खाते नोंदणी संपली की बंद होतं आणि तुमचे पुरावे त्याच्याबरोबर जातात. हे मी एका मित्राच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

भारतात असाल तर एक जागा आयतीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएचडीसाठीच्या 2022 च्या नियमांनुसार संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला तुमच्या कामाचं सादरीकरण व्हावं लागतं. प्रगती अहवालात "प्रकरण 2 आणि 3 सादर केल्याची तारीख, अभिप्राय मिळाल्याची तारीख" असे दोन रकाने स्वतःच घाला. दुसरा रकाना रिकामा सोडा. काही बोलू नका. तेवढा रिकामा रकाना समितीतले बाकीचे प्राध्यापक बरोबर वाचतात. त्यानं काम झालं नाही तर आयोगाच्याच 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिनं 15 कामाच्या दिवसांत अहवाल देणं अपेक्षित आहे, आणि त्यावर समाधान झालं नाही तर लोकपालाकडे अपील करता येतं.

उत्तरपत्रिका. हे तुमचं काम नाही, आणि परीक्षा विभागाला कळलं तर तुमच्याहून जास्त गाइड अडचणीत येतील. म्हणूनच हे हत्यार म्हणून वापरू नका. सूडाची शंका आली की बाकीच्या खऱ्या तक्रारी पातळ होतात. पुढच्या वेळी एवढंच म्हणा, "माझं प्रकरण आपल्याकडे आहे, ते परत आलं की मला दुरुस्त्यांना वेळ लागेल, त्यामुळे हे जमणार नाही." आणि हे म्हणताना संघटनेचं कुणी सोबत असण्याची गरज नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी फोन करायला कुणीतरी असावं. संघटनेनं ते माणूस नेमून द्यावं.

लेखातलं नाव. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घालून दिल्या आहेत : कामात भरीव वाटा, लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हव्यात. इतर शाखांतही त्या प्रमाण मानल्या जातात. पण नावांचा क्रम लेखकांनी आपसात ठरवायचा, असंच ती समितीही म्हणते. तेव्हा छापून गेलेल्या लेखाचा क्रम आता सोडून द्या. पुढच्या लेखाचा क्रम काम सुरू होतानाच ईमेलवर विचारून घ्या.

राहिले पैसे. खरी गाठ हीच आहे. गाइड बदलायचा हक्क कागदावर जवळपास सगळीकडे असतो, पण ज्या दिवशी गाइड सुटतो त्याच दिवशी पगार सुटत असेल तर त्या हक्काचा उपयोग काय? अमेरिकेत एमआयटीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी नेमक्या याच गाठीवर बोट ठेवलं. गाइड सोडणाऱ्या विद्यार्थ्याला नवा गाइड मिळेपर्यंत एका सत्राचे पैसे संस्थेनं द्यावेत, अशी त्यांची मागणी होती, आणि 2021 पासून संस्थेनं ती व्यवस्था सुरू केली. तुमच्या संघटनेकडे जाल तेव्हा तुमची कहाणी दुय्यम ठेवून ही मागणी पुढे ठेवा. तुमचं नाव न घेता ती मांडता येते. असा नियम झाला तर अर्ज करणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही अनेकांतल्या एक असाल.

लैंगिक छळाची काहीही बाब असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही. त्यासाठी अंतर्गत समिती आहे, तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, वाट पाहू नका.

प्रश्न : मी 22 वर्षं मार्गदर्शक आहे. विद्यार्थी हा विद्यार्थी असतो, कामगार नव्हे. संघटना, मागण्या, संप आले की गुरु-शिष्याचं नातं संपतं. आपण तरुण मुलांना भलत्या वाटेला लावत आहात.

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात कळकळ आहे आणि ती मला खरी वाटते. पण तुम्ही ज्याला भलती वाट म्हणता ती नवी नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या शिकवणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी 1966 मध्ये संघटना काढली आणि 1970 मध्ये संप करून विद्यापीठाशी लेखी करार केला. ती संघटना आजही आहे. विद्यापीठही आजही आहे, आणि चांगलं आहे.

विद्यार्थी की कर्मचारी, या प्रश्नावर जग एकमतानं बोलत नाही, हे मी मान्य करते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळानं खासगी विद्यापीठांतल्या शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांना 2000 मध्ये कर्मचारी म्हटलं, 2004 मध्ये तो निर्णय फिरवला, 2016 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात पुन्हा कर्मचारी म्हटलं. माणसं तीच, वर्ग तेच, तपासायच्या वह्या त्याच. दुसरीकडे नेदरलँड्समध्ये बहुतेक पीएचडी करणारे रीतसर पगारी कर्मचारी असतात, त्यांना निवृत्तिवेतनाचा हिस्साही मिळतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थांनी 2015 पासून नव्या पीएचडी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीऐवजी नोकरीसारखा करार द्यायला सुरुवात केली, म्हणजे आजारपणाचा विमा आणि सुट्टी आली. तिथली गुरु-शिष्य नाती त्यामुळे मोडली असतील असं मला वाटत नाही.

माझा अनुभव सांगते. लेखा विभागातलं दाखले एकत्र पाठवण्याचं ते जुनं परिपत्रक आम्हाला सापडतच नव्हतं. ते एका ज्येष्ठ गाइडनी आणून दिलं. दरवाजा लोटून घेत ते म्हणाले, "माझ्या मुलांना मी दोनदा स्वतःच्या खिशातून उसने दिलेत. मला ते करावं लागू नये." सर, तुम्हीही कधी कुणाला असे पैसे दिले असतील. बहुतेक चांगल्या गाइडनी दिलेले असतात. विद्यार्थ्याचं पोट गाइडच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये, एवढंच संघटनेचं म्हणणं असतं. तो भार उतरला तर गुरूला शिकवायला मोकळीक मिळते.

संपाबद्दल तुमची भीती मला समजते. कॅलिफोर्निया विद्यापीठात 14 नोव्हेंबर 2022 ला सुमारे 48,000 जण संपावर गेले. तो जवळजवळ सहा आठवडे चालला आणि सत्राच्या परीक्षा त्यात सापडल्या. शिकणाऱ्या मुलांना त्रास झाला, यात शंका नाही. पण त्या करारात पगाराबरोबर दादागिरी आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षणाचं कलमही आलं. पगारासाठी एवढे लोक बाहेर आले असतील, पण ते कलम वाचलं तेव्हा मला भर लॅबमध्ये गाइडनी जाब विचारलेली ती मुलगी आठवली.

तुमच्या विद्यापीठातली मुलं संघटना काढत असतील तर त्यांच्या पहिल्या बैठकीला जाऊन बसा. तुम्ही गेलात तर पहिल्या पत्रातल्यासारखे घाबरलेले 23 जणही सह्या करतील.

प्रश्न : संशोधन करताना बाळ झालं तर? नियम कुणी नीट सांगत नाही.

तीन वेगवेगळे प्रश्न विचारा आणि तिन्हींची उत्तरं लेखी घ्या. रजा किती? रजेत पैसे चालू राहतील का? आणि रजेचा काळ पदवीच्या कमाल मुदतीत धरला जाईल का? लोक पहिलाच प्रश्न विचारतात आणि तिसऱ्यापाशी अडकतात. भारतात 2022 च्या नियमांनुसार पीएचडीच्या पूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत मातृत्व आणि बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि स्त्री संशोधकांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आहे. पैशांचं उत्तर तुमची फेलोशिप कुणाची आहे त्यावर ठरतं, तेव्हा ते विद्यापीठाला नाही, फेलोशिप देणाऱ्या संस्थेलाच विचारा.

प्रश्न : आमच्या संघटनेनं मानसिक आरोग्य सप्ताह घेतला. ध्यान, व्याख्यान, पोस्टर. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची झोप उडाली आहे, ती त्यातल्या एकाही कार्यक्रमाला गेली नाही. आमचं काय चुकलं?

तुम्ही तिची दखल घेतलीत हेच आधी मोलाचं आहे. आज रात्रीच तिच्याजवळ बसा आणि तिला समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जा, फक्त नंबर देऊ नका. ती जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल तर सकाळचीही वाट पाहू नका.

आता संघटनेबद्दल. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या 3,659 पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. तीनात एक जण मानसिक आजाराच्या उंबरठ्यावर असल्याचं त्यात दिसलं. पुढच्या वर्षी 26 देशांतल्या 2,279 जणांची पाहणी आली, त्यात 41 टक्क्यांना मध्यम ते तीव्र चिंतेचा त्रास होता. ही दुसरी पाहणी ज्यांनी आपणहून उत्तरं दिली त्यांचीच होती, तेव्हा तो आकडा सगळ्यांना सरसकट लावू नका. प्रशासनासमोर तो जपूनच वापरा, नाहीतर तेवढ्या एका मुद्द्यावर सगळं निवेदन उडवलं जातं. पण फ्लँडर्सच्या पाहणीनं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती संघटनेच्या कामाची आहे : त्रासाचं नातं घर आणि काम यांच्या ओढाताणीशी, कामाच्या ताणाशी, आपल्या कामावर आपला किती ताबा आहे याच्याशी आणि गाइडच्या वागण्याच्या पद्धतीशी होतं. यातलं काहीही ध्यानानं बदलत नाही.

तुमच्या मैत्रिणीला कदाचित तीन महिन्यांचा स्टायपेंड आलेला नसेल, किंवा रविवारी लॅबमध्ये न गेल्याबद्दल बोलणी बसली असतील. तिला विचारा. मग सप्ताहाचे पैसे आणि माणसं दोन गोष्टींकडे वळवा. समुपदेशकाची वेळ संध्याकाळी सहानंतर मिळावी, कारण दिवसा लॅब सोडून जायचं म्हणजे गाइडला कारण सांगावं लागतं. आणि समुपदेशनाची नोंद विभागाकडे जात नाही हे विद्यापीठानं लेखी जाहीर करावं. आमच्याकडे ही दुसरी गोष्ट झाली आणि पुढच्या काही आठवड्यांत समुपदेशिका मला म्हणाल्या, की आता पीएचडीची मुलं यायला लागली. आधी ती येतच नव्हती.

प्रश्न : आमची निवडणूक दरवर्षी होते. दरवर्षी नवी मुलं येतात आणि पहिलं सत्र सगळं समजून घेण्यातच जातं. प्रशासनाला हे माहीत आहे. ते नुसते थांबतात.

अगदी बरोबर ओळखलंत. मलाही एका अधिकाऱ्यानं समोर सांगितलं होतं, "मॅडम, तुमची मुदत संपेल, मी इथंच आहे."

सूत्रं घेताना मला एक प्लास्टिकची पिशवी मिळाली होती, त्यात शिक्का, दोन जुनी पोस्टरं आणि एका कार्यक्रमाचा उरलेला हिशेब. मी देताना ती फेलोशिपची वही दिली, सगळ्या पत्रव्यवहाराच्या प्रती तारखेनं लावून दिल्या, आणि अर्धवट राहिलेल्या प्रत्येक मागणीसाठी एकेक पान लिहिलं : काय मागितलं, कुणी काय उत्तर दिलं, कुठल्या बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद आहे, पुढची पायरी कोणती. इतिवृत्ताची प्रत तर मिळवाच. तोंडी आश्वासन अधिकाऱ्याबरोबर बदलून जातं, इतिवृत्तातलं वाक्य नव्या अधिकाऱ्यासमोरही ठेवता येतं. शक्य असेल तर नियमावलीत एक बदल करून घ्या, की मावळता सचिव पुढचं एक सत्र सल्लागार म्हणून बैठकींना हजर राहील. मताचा हक्क नको, फक्त खुर्ची.

तुमची मुदत मार्चमध्ये संपते असं लिहिलं आहे. मग जानेवारीतच पुढे उभं राहू शकेल अशा कुणाला तरी सोबत घ्या आणि लेखा विभागात, परीक्षा विभागात, समुपदेशन केंद्रात एकेक चक्कर मारा. कोण कुठे बसतं, कुणाकडे सकाळी जायचं आणि कुणाकडे जेवणानंतर, कुठल्या फाइलवर कुणाची सही आधी लागते, हे त्याला दाखवा. वही त्याच्या हातात असू द्या. तुम्ही मागे उभे राहा आणि बोलू त्यालाच द्या.